एक मूठ उंच खिडकी

माझ्या बापाने आयुष्यात टेप वापरला नाही. घर बांधायला घेतलं की तो आधी एक सरळ काठी तोडायचा आणि तिच्यावर कोयत्याने खुणा करायचा. ही खिडकीची, ही दाराची, ही वाशाची. ती काठी त्या घरापुरती. घर पुरं झालं की काठी आढ्याजवळ वाशांत खोचून ठेवायची, म्हणजे पुढेमागे भिंत पडली तर जो कोण गवंडी येईल त्याला माप शोधत बसायला नको. रत्नागिरीकडे आमच्या आसपासच्या वाड्यांत शोधलं तर बापाच्या काठ्या अजून निघतील. मी चौथीत शाळा सोडली आणि ही विद्या घेतली. तिचा मला गर्व होता. आजही आहे. पण कुवेतात त्या गर्वाने मला असा तोंडघशी पाडला होता की अजूनही आपण त्यातून सुटलो हे आठवून पाय लांब करून बसावंसं वाटतं.

लढाई होऊन काही वर्षं झाली होती. तिकडचं सरकार आपल्या लोकांसाठी घरं बांधत होतं. ओळीने, एकसारखी, दुमजली. आमच्या कंपनीकडे त्यातल्या काही ओळींची बांधणी होती आणि त्यातली बारा घरं माझ्या टोळीकडे. टोळीत अकरा माणसं, सगळी आमच्या गावची नाहीतर शेजारच्या गावची. माझ्या शब्दावर आलेली. जलीबला दोन खोल्यांत आम्ही राहायचो, पहाटे कंपनीची बस न्यायची. टोळीत माझा मेव्हणाही होता, बायकोचा धाकटा भाऊ. तो फरशीवाला. माझ्यापेक्षा चार बोटं उंच आणि तोंडाने त्याहून लांब.

त्या घरांचे नियम फार. बाहेरच्या माणसाच्या दारातून घरच्या बायका दिसता कामा नयेत, म्हणून पाहुण्यांचं दार वेगळं. गच्चीचा कठडा माणसाएवढा. आणि वरच्या मजल्यावर शेजाऱ्याच्या बाजूला ज्या खिडक्या, त्यांचा तळ इतका उंच ठेवायचा की उभ्या माणसाला शेजारचं अंगण दिसू नये. उजेड यावा, वारा यावा, नजर जाऊ नये. मला हे पटायचं नाही. मी म्हणायचो, खिडकी बघायला नाही तर कशाला? हा तुरुंग झाला.

आमचा इंजिनिअर पुण्याचा. वयाने माझ्या मुलासारखा. मी त्याला साहेब म्हणायचो आणि तो मला काका. कामाच्या सुरुवातीला त्याने प्रत्येक भिंतीवर निळ्या भुकटीची दोरी मारून एक आडवी रेघ काढून घेतली.

"काका, ही रेघ तयार फरशीच्या एक मीटर वर आहे. खिडकीचं माप या रेघेवरून घ्यायचं. स्लॅबवरून नाही."

"साहेब, रेघ सुतारांना द्या," मी म्हटलं. "माझी काठी आहे."

"काठी चांगलीच आहे हो. पण रेघेवर लावा."

"बरं, बरं," मी म्हटलं.

बरं म्हणायला काय जातं? मी कागदावरचा आकडा त्याच्याकडून वाचून घेतला, लाकडाची एक पट्टी त्या मापाची तासली आणि कामाला लागलो. काठी खाली टेकवायची, वर बोट लागेल तिथे खिडकीचा तळ. आमच्याकडे जोतं बांधलं, माती चोपली, वर शेणाचा हात फिरवला की जमीन झाली. तिच्यात वाढ होत नाही. पन्नास वर्षं राहा, घासून थोडी खालीच जाईल. त्यामुळे काठी जमिनीवर टेकवताना मनात काही शंका येण्याचं कारण नव्हतं. हात आपोआप खाली जायचा. निळी रेघ माझ्या नाकासमोर होती आणि मी तिच्याकडे कामाच्या चार महिन्यांत एकदाही पाहिलं नाही. खरं सांगतो, पाहायचंच नव्हतं.

खिडकीवरच्या तुळया सुतारांनी घातल्या, त्या रेघेवरून, बरोबर. म्हणजे खिडकीचं वरचं टोक त्यांचं आणि खालचं माझं. मधलं भोक कागदातल्यापेक्षा मोठं झालं होतं. हे एका माणसाला कळलं होतं. अम्गऱ्याला ॲल्युमिनियमच्या चौकटी करणारा एक मुलतानचा कारागीर होता. तो मापं घ्यायला आला तेव्हा टेप लावून गोंधळला.

"उस्ताद, काग़ज़ में कम है, इधर ज़्यादा है."

मी त्याला म्हटलं, "काग़ज़ मत देख. दीवार देख."

तो हसला, भिंतीचं माप लिहून घेऊन गेला.

त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टोळीतल्या एकाने माझ्या काठीवरून चेष्टा केली. म्हणाला, सगळं जग टेप लावतं आणि हे गुरं हाकायला आल्यासारखे काठी घेऊन फिरतात. मी ताट खाली ठेवलं. सगळ्यांच्या समोर बोललो, "या काठीत बोटभर जरी फरक निघाला, तर थापी साहेबांच्या पुढ्यात ठेवीन आणि मिळेल त्या विमानाने घरी जाईन."

मेव्हणा म्हणाला, "भावोजी, जरा कमी बोला. तिकीट काढायला लावतील."

"गप रे," मी म्हटलं.

बारा घरांतलं पहिलं घर आधी पुरं करून दाखवायचं असं ठरलं होतं. सरकारी तपासणीस ते बघणार, पास झालं की मग बाकीचं काम आणि पुढची ओळही आम्हाला. नापास झालं तर कंपनी टोळी बदलणार, हे कंपनीच्या मुकादमाने स्वच्छ सांगितलं होतं. टोळी बदलणार म्हणजे अकरा माणसं माघारी. त्यातल्या तिघांनी येण्यासाठी बायकोचे दागिने मोडले होते. म्हणून पहिल्या घरात गिलावा बहुतेक झाला, वरच्या मजल्याची फरशीही मेव्हण्याने घालायला घेतली. खाली वाळू, वर मसाला, त्यावर फरशी. तपासणीला आठ दिवस होते.

त्या दुपारी मी वर गेलो. मेव्हणा कोपऱ्यातल्या खोलीत शेवटची फरशी ठोकून उभा होता, कमरेवर हात ठेवून खिडकीतून बाहेर बघत.

"भावोजी, मागच्या घरात कोंबड्या पाळल्यात."

मागची ओळ आधीच्या वर्षी पुरी झालेली. तिथे माणसं राहायला आली होती.

"तुला काय माहीत?" मी म्हटलं.

"दिसतायत की."

मी त्याला बाजूला सारलं. टाचा जरा उचलल्या. अर्धं अंगण दिसलं. कोंबड्या होत्या. आणि भिंतीच्या सावलीत चटईवर एक म्हातारी बसली होती, डोकं उघडं, पांढरे केस पाठीवर सोडलेले, आणि पुढ्यात नात असावी, तिची वेणी घालत होती. काही कारण नव्हतं, पण तिने वर पाहिलं. तिला माझे डोळे दिसले असणार. तिने एका हाताने पदरासारखं काहीतरी डोक्यावर ओढलं आणि दुसऱ्या हाताने त्या पोरीला ओढत आत गेली. कंगवा चटईवर राहिला.

मी टाचा खाली टेकवल्या. खाली पायाकडे पाहिलं. नवी कोरी फरशी. मग भिंतीकडे पाहिलं. गिलाव्याच्या कडेला, जिथे गिलावा अजून पोचला नव्हता, तिथे निळी रेघ होती. काठी घेतली, खाली टेकवली. काठीचं टोक खिडकीच्या तळाच्या एक मूठ वर गेलं.

फरशीने जमीन एक मूठ वर आणली होती. माझ्या सगळ्या खिडक्या एक मूठ खाली होत्या. शेजाऱ्याकडच्या चार खिडक्या, बारा घरं. अठ्ठेचाळीस.

मेव्हण्याला कळलं. माझ्या तोंडाकडे बघून त्याच्या तोंडातला विनोद बाहेर पडला नाही. तो एवढंच म्हणाला, "कोणाला सांगू नका. तपासणीवाला काय प्रत्येक खिडकीत वाकून बघणारे?"

खोटं कशाला सांगू, संध्याकाळपर्यंत मीही तोच विचार केला. बसमध्ये केला, जलीबला खोलीवर पोचून भाकरी भाजताना केला. माणसं नेहमीसारखी बोलत होती. एकजण घरी पत्र लिहीत होता की पुढची ओळ मिळाली तर अजून दोन वर्षं. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. आणि डोळे मिटले की अकरा माणसं दिसायच्या ऐवजी मला तो कंगवा दिसत होता.

आमच्या घरी न्हाणी नव्हती. माडाच्या झावळांचा आडोसा होता, परसात, पायवाटेच्या कडेला. माझी बायको लग्न होऊन आल्यापासून उजाडायच्या आत आंघोळ करायची. का करते हे मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, सवय असेल. लोकांची घरं बांधणारा मी, आणि त्या दिवशी परक्या मुलखात टाचा उचलून उभा राहिल्यावर मला ते कळलं.

सकाळी मी बसमधून उतरलो तो सरळ साहेबांच्या खोलीत गेलो. ती पत्र्याची खोली होती, टेबलावर कागद पसरलेले. मी थापी त्यांच्या कागदावर ठेवली.

"काय झालं काका?"

"काठी चुकली."

सगळं सांगितलं. म्हातारीचंही. ते उठले, टेप घेऊन माझ्याबरोबर वर आले, चारही खिडक्या मोजल्या. मग तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसले. मला वाटलं, आता आवाज चढणार. चढला असता तर सोपं गेलं असतं, मीही चढवला असता.

"चूक माझीपण आहे," ते म्हणाले. "महिन्यापूर्वीच एकदा टेप लावायला हवा होता मी. तुम्ही रागवाल म्हणून लावला नाही."

माझ्या रागाला भिऊन शिकलेल्या माणसाने टेप खिशात ठेवला, हे ऐकून मला एरवी बरं वाटलं असतं.

"मी बोललो होतो, घरी जाईन म्हणून. ती थापी खाली टेबलावर आहे," मी म्हटलं.

"ऐकलंय मी ते. सगळ्या साइटने ऐकलंय." ते उठले, पँट झटकली. "थापी तुम्ही ठेवलीत तर अठ्ठेचाळीस खिडक्या कोण भरणार? मी? आधी भरा काका, मग जा खुशाल."

मग त्यांना चौकटी आठवल्या. चौकटी मोठ्या भोकाच्या मापाने कापून झाल्या तर भोक लहान करून उपयोग नव्हता, त्या बसल्याच नसत्या. साहेबांनी त्यांची गाडी काढली आणि मला म्हणाले, तुम्हीच चला, तुमचं माप आहे. अम्गऱ्याचा रस्ता लागला. दोन्हीकडे भंगाराचे ढीग, मोडक्या गाड्या, जुने दरवाजे. मला वाटत होतं, चार महिन्यांचं माझं काम यातच कुठेतरी येऊन पडणार आहे.

मुलतानच्या कारागिराची करवत चालूच होती. आत गेलो तर एका घराच्या चौकटीच्या पट्ट्या कापून भिंतीला उभ्या होत्या, बाकीचा माल अजून बांधलेला. साहेब बोलायला लागले, मी त्यांना थांबवलं.

"मैंने ग़लत बोला था. काग़ज़ बराबर था. दीवार ग़लत."

त्याने करवत बंद केली. माझ्याकडे नीट पाहिलं.

"उस्ताद, तुमने ही कहा था ना, काग़ज़ मत देख?"

"कहा था."

"दीवार देख?"

"हां."

तो इतका हसला की त्याच्या दुकानातली दोन माणसं बाहेरून बघायला आली. त्यांनाही त्याने ते सांगितलं. मी उभा राहून ऐकून घेतलं. मग त्याने कापलेली एक पट्टी उचलली, माझ्या हातात दिली.

"फ़िक्र मत करो. लंबी है, छोटी कर दूंगा. छोटी होती तो रोते."

लांब आहे ते आखूड करता येतं. बापही हेच सांगायचा, लाकूड कापताना. मी ते कितीदा पोरांना सांगितलं होतं. त्या दिवशी कोणीतरी मला सांगितलं आणि जिवात जीव आला. परत येताना साहेबांनी गाडी थांबवून दोन चहा घेतले.

माणसांना मी स्वतःच सांगितलं, बसमध्ये, बस सुरू व्हायच्या आधी. चेष्टा करणारा तो दुसऱ्या टोळीतला, तोही बसमध्ये होता. तो म्हणाला, "मग काठी मोडली की नाय?"

"मोडली नाय," मी म्हटलं. "वाढवली."

खरंच वाढवली. काठीच्या बुडाला एक मूठ लाकूड खिळ्याने ठोकलं. वरच्या टोकाला जोडता आलं असतं, पण चूक बुडाला होती. आता स्लॅबवर टेकवली तरी माप बरोबर. आणि तरी मी प्रत्येक खिडकीत ती निळ्या रेघेशी ताडून पाहिली. आम्ही ठोकळे आडवे फोडून प्रत्येक तळावर एक पातळ थर चढवला. पहिल्या घरात गिलावा तोडावा लागला, नवा केला, मेव्हण्याने फरशीवर गोणपाट अंथरून एक टवका उडू दिला नाही. सातव्या दिवशी मुलतानवाला चौकटी घेऊन आला. पहिली चौकट भोकात सरकवली, ती जाऊन बसली. त्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

तपासणीस आला तो वयस्कर होता. पांढरा पायघोळ झगा, हातात जपमाळ. आम्हाला वाटलं टेप, कागद, दोन कारकून असं काहीतरी येईल. त्याच्याबरोबर फक्त त्याचा ड्रायव्हर होता, मिसरचा, म्हणजे इजिप्तचा माणूस. आणि तो ड्रायव्हर बघून मी आधी मेव्हण्याकडे पाहिलं. खजुराच्या झाडासारखा उंच. माझ्या मेव्हण्याहूनही दोन बोटं वर.

तपासणीस घरभर फिरला. पाहुण्यांचं दार पाहिलं, कठड्यावर हात फिरवला. मग वर कोपऱ्यातल्या खोलीत आला आणि ड्रायव्हरला खिडकीशी उभं केलं. अगदी भिंतीला नाक लावून. ही त्याची मोजायची रीत होती. टेपाला काय कळतं कोणाचं अंगण दिसतं ते.

त्याने ड्रायव्हरला विचारलं, काय दिसतं?

ड्रायव्हरने मान वर केली, डावीकडे केली, उजवीकडे केली. मी मेव्हण्याचं मनगट धरलं होतं, हे मला नंतर त्याने सांगितलं.

"समा," ड्रायव्हर म्हणाला. "बस समा."

समा म्हणजे आकाश. एवढी अरबी मला येत होती. नुसतं आकाश दिसतं, असं म्हणाला तो.

चारही खिडक्यांत तेच. समा, समा, समा. इतका गोड शब्द मी त्या मुलखात दुसरा ऐकला नाही. तपासणीसाने मान हलवली आणि जाता जाता दाराशी टेकवलेली माझी काठी उचलली. बुडाला ठोकलेला तुकडा वेगळ्या लाकडाचा होता, लगेच दिसायचा. त्याने त्यावर अंगठा फिरवला आणि साहेबांना काहीतरी विचारलं. साहेब माझी बाजू सावरायला काहीतरी जुळवत होते, तेवढ्यात मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "अना." म्हणजे मी. मग खिडकीकडे बोट केलं, मूठ खाली दाखवली, मग वर दाखवली. त्याला कळलं. तो हसला नाही, रागावलाही नाही. काठी माझ्या हातात परत दिली आणि साहेबांना दोन शब्द बोलला.

"काय म्हणाले?" मी नंतर विचारलं.

"म्हणाले, बाकीच्या अकरा घरांना हीच काठी लावा."

ते गेल्यावर मी त्याच खोलीत फरशीवर बसलो. पाय लांब केले. नवी फरशी गार होती. मेव्हणा शेजारी येऊन बसला.

"भावोजी, मग विमान कधीचं?"

"गप रे."

मी गेलो नाही. शब्द दिला होता, तो मोडला. हट्टी माणसाने शब्द मोडू नये म्हणतात, पण तो मोडला हे बरं केलं असं मला आजही वाटतं. पुढची ओळ आम्हाला मिळाली, आणि त्याच्या पुढचीही. अकराही माणसं राहिली. त्यानंतर साहेब दर घरात टेप लावायचे, मला न विचारता, आणि मी रागवायचो. रागवायचं सोडलं नाही. पण टेपाचं एक टोक मी स्वतः धरायचो.

मागच्या ओळीतली म्हातारी मला पुन्हा दिसली नाही. दिसायला नकोच होती. त्यासाठीच तर ते सगळं केलं.

काही वर्षांनी मी कायमचा घरी आलो, तेव्हा सामानात ती काठी होती. विमानतळावरच्या माणसाने विचारलं हे काय, मी म्हटलं काठी. घरी आल्यावर सगळ्यात आधी न्हाणी बांधली. झावळांचा आडोसा काढला, चिऱ्याच्या भिंती घातल्या, खाली फरशी आधी घातली आणि मग काठी टेकवली, बुडाचा तुकडा काढून. पायवाटेकडे खिडकी ठेवली, उंच.

बायको आत जाऊन उभी राहिली. बराच वेळ बाहेर आली नाही.

"काय दिसतंय?" मी बाहेरून विचारलं.

"काय दिसणारे? ढग." मग म्हणाली, "एवढ्या वर खिडकी ठेवलीत, कोळिष्टकं कोण काढणार?"

दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली तेव्हा आठ वाजले होते. ऊन परसात उतरलं होतं आणि पायवाटेने माणसं ये-जा करत होती. आतून पाण्याचा आवाज येत होता, मधूनच ती गुणगुणत होती. मी ओसरीवर सुपारी कातरत बसलो होतो.

बापाच्या रीतीने मी काठी आढ्याजवळ खोचून ठेवली होती. तिने ती महिन्याभरात काढली. आता काठीच्या एका टोकाला फडकं बांधून ती त्या खिडकीची कोळिष्टकं काढते.